सूचना : शनिवारी क्रॉफर्ड मार्केट

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी आपण क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईत जात आहोत. सकाळी ठीक साडेसातला घड्याळाच्या मनोऱ्याखाली भेटायचे. सीएसएमटीहून चालत यावे. गाडी आणू नये, लावायला जागा मिळत नाही.

आत जाण्याआधी पाच मिनिटे बाहेरच थांबू. दारांवरची दगडी शिल्पे ब्रिटिश शिल्पकार लॉकवूड किपलिंग यांची आहेत. त्यांत शेतात राबणारी आपली माणसे दिसतात. १८६९ साली पुरी झालेली ही इमारत कुर्ल्याच्या पिवळसर आणि वसईच्या तांबड्या दगडाची आहे. घाईत शिरणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, म्हणून मान वर करून नीट पाहा, ही माझी खास विनंती.

आत पाटीवाले डोक्यावर ओझे घेऊन वेगाने येतात. त्यांचा आवाज आला की लगेच बाजूला व्हा. वाटेत घोळका करून फोटो काढू नका, तो त्यांच्या कमाईचा वेळ आहे. गाळेवाल्यांचा फोटो विचारूनच घ्यावा. फळे घ्यायची असतील तर दोन-तीन गाळ्यांवर भाव विचारा, पण फळ दाबून पाहू नका.

कापडी पिशवी, सुटे पैसे आणि न घसरणाऱ्या चपला आणाव्यात, कारण फरशी ओली असते. मागच्या वेळी दोघे जण गर्दीत चुकले होते. चुकामूक झालीच तर पुन्हा मनोऱ्याखालीच या. ज्येष्ठांसोबत एकेक तरुण सभासद राहील.

येणाऱ्यांनी गुरुवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव कळवावे.