नानांच्या वाचनाचं काय करायचं

अमळनेर
मंगळवार

प्रिय शैले,

नानांनी वाचनालयाचं कार्ड परत केलं. माझ्याच काउंटरवर ठेवलं, अनामत मागितली, पावतीची घडी करून खिशात घातली आणि निघाले. फोनवर सांगितलं असतं तर "बरं झालं, उन्हातली खेप वाचली" म्हणाली असतीस, म्हणून लिहितेय.

बाकी तब्येत बरी. बीपी ठीक, साखर ठीक, आक्कांशी भांडण रोजचं. डोळ्यांचं तुला डॉक्टरांनी सांगितलंच आहे. पडद्याच्या मधोमध धूसर झालंय, चष्म्याचा नंबर वाढवून भागणार नाही. कडेचं दिसतं म्हणून अंगणात वावरताना कुणाला काही कळत नाही. ओळीवर नजर टेकवली की नेमकं तेच अक्षर गायब.

तुझे पैसे मिळाले. पण तू सुचवलेला तो सहा इंची ई-रीडर, म्हणजे नुसतं पुस्तकं वाचायचं यंत्र, मी घेणार नाही. चिडायच्या आधी पुढचं वाच. तुझ्यासाठी तो उत्तम आहे: चकाकत नाही, उन्हात वाचता येतो, पान बदलतानाच काय ती वीज खातो म्हणून चार्जिंग आठवडे टिकतं. पण त्याचा 'पांढरा' पडदा राखाडीकडे झुकलेला आणि काळं अक्षरही पुरतं काळं नाही. नानांना हवाय तो काळ्या-पांढऱ्यातला फरक. त्यात अक्षर मोठं केलं की सहा इंचात ओळीला तीन-चार शब्द उरतात. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे ओळींमधली जागाही जास्त लागते. दोन वाक्यं झाली की पान उलटा. नाना तिसऱ्या पानाला तो आक्कांच्या डब्यात ठेवून देतील. त्यांना दहा-अकरा इंचांचा साधा टॅब बरा. काळ्यावर पांढरी अक्षरं, उजेड भरपूर. तुझ्या त्या "पडद्याने डोळे खराब होतात" व्याख्यानाला इथे सुट्टी.

यंत्र ठरलं, तरी पुस्तकाचं काय? मराठीत खरा घोळ तिथेच आहे. नानांना हवी असलेली निम्मी पुस्तकं ई-बुक म्हणून निघालेलीच नाहीत. नेटवर जे 'ई-बुक' सापडतं ते बहुतेक स्कॅन केलेलं पीडीएफ, म्हणजे पानांचे फोटो. फोटोतलं अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. मग प्रत्येक ओळीला बोटाने उजवीकडे ढकला, परत डावीकडे आणा. धडधाकट डोळ्यांचाही त्यात दम निघतो. विकत घेण्याआधी मोफत नमुना उतरवायचा आणि एका शब्दावर बोट दाबून धरायचं. शब्द निवडला गेला तर ती खरी अक्षरं, नाहीतर फोटो. निवडला गेला तरी तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवून बघायचा. भलतीच चिन्हं उमटली तर मजकूर छपाईच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधून तसाच उचललाय, युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांत, केलेला नाही. असल्या फाइलीत शोध चालत नाही आणि फोनला वाचून दाखवायला सांगितलं तर तो बरळतो. तिसरी खूण 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असल्या शब्दांची. तिथे र सुटा पडून पाय मोडलेला दिसला तर आत आणखी शंभर ठिकाणी तेच असणार. आणि विकत घेतलेलं ई-बुक बहुधा आपलं नसतं, वाचायचा परवाना असतो. तुझं खातं बंद झालं की नानांचं कपाट रिकामं.

हे तुला आवडणार नाही, कारण 'कागद म्हणजे अडगळ' हा तुझा सिद्धांत. माझे दिवाळी अंक तू रद्दीत घातलेस ते मी विसरलेले नाही, वं माय.

ऑडिओबुक त्यांना चालेल, पण सगळंच नाही. सरळ कथा-कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन उत्तम. तीनशे पानांचं पुस्तक साधारण आठ-नऊ तासांत ऐकून होतं. तळटीपा, वंशावळी, कोष्टकं असतील तर नाही. कविता तर आवाज बघूनच घ्यायची. बहिणाबाईंच्या ओळी कुणी पुस्तकी मराठीत म्हणायला लागलं, 'न'च्या जागी 'ण' करत, की नाना कानातलं काढून फेकतील. आसोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर आणि नाना आसोद्याच्या जावयाचे भाऊ, त्यांना कोण समजावणार! स्टोरीटेल, ऑडिबल या पुस्तकं ऐकायच्या दोन्ही ॲपवर मराठी आहे. वर्गणी भरण्याआधी मोफत मुदतीत निवेदकाचा आवाज ऐक. वेग 1 वरच ठेव, 1.25 तुझ्यासारख्यांना. झोपेचं टायमर 30 मिनिटांवर लाव, नाहीतर ते घोरतील आणि पुस्तक चार प्रकरणं पुढे जाईल. पुस्तक वायफायवर आधीच उतरवून ठेव.

अडचण बटणांची आहे. मोबाइलवर हात भलतीकडे लागतो, जागा हरवते, मग दिवसभर बोलणं बंद. त्यांना खरी, हाताला लागणारी बटणं असलेला, पेनड्राइव्ह लागणारा छोटा स्पीकर लागेल. वर्गणीतली पुस्तकं पेनड्राइव्हवर निघत नाहीत. म्हणून माझं म्हणणं, त्यांना हवी ती थोडी पुस्तकं आपणच वाचून भरायची. कायद्याची काळजी करू नकोस. लेखक गेल्यावर 60 वर्षांनी पुस्तक खुलं होतं. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे 2011 पासून मोकळं. बालकवींचं तर कधीचंच. आणि कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर, डोळ्यांमुळे ज्याला छापील वाचता येत नाही त्याच्यासाठी हक्क असलेलं पुस्तकही वाचून भरता येतं, फक्त त्यातून धंदा करायचा नाही.

भरण्याची रीत: मोबाइल तोंडापासून वीतभर आणि जरा कडेला, नाहीतर प-फ-भ फुटतात. खोलीत गोधड्या टांगायच्या, रिकाम्या भिंती आवाज परतवतात. पंखा बंद. आपल्याकडे मे महिन्यात म्हणजे पहाटे पाचला बसायचं, नाहीतर निवेदकच आडवा. एक फाइल 20 ते 25 मिनिटांची. मोनो, 64 केबीपीएस एमपी3 ठेवली की तासाला 29 एमबीच्या आसपास होते, नऊ तासांचं पुस्तक 260 मध्ये. नावं 01, 02 अशीच द्यायची. नुसतं 1, 2 लिहिलं तर बऱ्याच स्पीकरवर 1 नंतर 10 वाजतं आणि नायिका लग्नाआधी विधवा होते. तुझी रेवा वाचेल का? तिचा आवाज स्पष्ट आहे, 'च' जरा सांभाळायला सांग.

छापील पुस्तकं विकायचा विषय काढू नकोस. वहीसारखं हाताळून एखादा परिच्छेद परत शोधायला त्याच्यासारखं काही नाही. नानांचं बोट अजूनही 'डावीकडच्या पानावर, खाली' असं बरोबर जातं. मोठ्या टायपातलं मराठी पुस्तक क्वचित मिळतं, तर आवडते उतारे झेरॉक्सवर 141 टक्के करायचे. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या, आकाराच्या पानाचा मजकूर ए-फोरवर बसतो, 10 पॉइंटचं अक्षर 14 चं होतं. कागद चकचकीत नको. मात्र पुस्तक काचेवर उताणं दाबायचं ते दोऱ्याने शिवलेलंच. नुसत्या डिंकाची बांधणी आपल्या उन्हाळ्यात कडक होते, दाबली की कण्यात तडकते आणि पानं हातात येतात. भिंगही आणायचंय: दिव्याचं, पानावर टेकवून ठेवायचं, दोन-तीन पटीचं. दहा पटीचं आणू नकोस, त्यात एका वेळी दीड अक्षर मावतं. दिवा डोक्यावर नको, खांद्यामागून पानावर.

तुझी बदली कुठवर आली? रेवाचा निकाल कळव, सासूबाईंच्या गुडघ्याला विचारलंय म्हणून सांग. भाऊजींची दाढी फोटोत पाहिली. असो.

तर तुझ्या पैशातून आधी भिंग आणि स्पीकर घेते. टॅब तू पुण्यात हातात धरून बघ, अंधाऱ्या दुकानात नको, खिडकीशी. वजन अर्धा किलोच्या आत असलेलाच घे, त्यांचा हात दुखतो. पासवर्ड ठेवू नकोस. आणि त्यांच्या कार्डाचं म्हणशील तर ते माझ्याच खणात आहे. अनामतीची पावती दिली, पण रजिस्टरात नाव खोडलेलं नाही. नानांना बोलू नकोस.

येताना शेवभाजीचा मसाला मागू नकोस, मी करूनच ठेवते.

तुझी,
मंदा

ता. क. झेरॉक्ससाठी कोणती पुस्तकं ते नानांना विचारू नकोस, सगळीच सांगतील. आक्कांना विचार.