आधी पाय, मग दम

प्रिय सखे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चालायला सुरुवात केलीस, मग मध्ये मध्ये पळायला लागलीस, दम पुरतोय म्हणून अंतर वाढवलंस आणि आता नडगी ठणकायला लागली. घरातले सगळे म्हणताहेत, ‘बास झालं, हे वय आहे का पळायचं?’ आणि तूही मला तेच विचारते आहेस. आहे गं, हे वय आहे. मी स्वतः पन्नाशी उलटल्यावर सुरुवात केली आणि माझं पळणं अजून चालू आहे, तेव्हा हे नुसतं तुला धीर द्यायला म्हणत नाही. पण ते कसं टिकतं हे नीट सांगायला हवं, म्हणून पत्र लांबणार.

आधी नडगी. आज निवांत बसून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली ये. बरीच लांबवर दुखरी रेघ लागत असेल, पळायला लागल्यावर दुखतं आणि अंग तापलं की कमी होतं असं असेल, तर बहुधा पायावर झेपण्याआधीच जास्त भार पडलाय, एवढंच. काही दिवस पळणं थांबव, चालणं चालू ठेव, ते निवळेल. पण एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी हाडावर दुखत असेल, दर पावलाला वाढत असेल किंवा रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि तोवर पळू नकोस. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आपली हाडं भराभर विरळ होतात, त्यामुळे आपल्या वयाच्या बाईने अशा दुखण्याकडे काणाडोळा करायचा नाही.

आता हे झालं का, ते ऐक. माझ्या मते उतारवयात पळायला लागणाऱ्या माणसाला हीच एक गोष्ट नीट समजली तरी पुष्कळ आहे. पळायला लागल्यावर शरीरातलं सगळं एकाच वेगाने सुधारत नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या फुटायला लागतात. म्हणून महिनाभरात धाप कमी होते आणि आपल्याला वाटतं, जमलं! पण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा बेताचा असतो. त्यांना बळकट व्हायला महिनेच्या महिने लागतात आणि वय वाढतं तसा हा वेळही वाढतो. हाडाचं तर आणखी वेगळं आहे. नवा भार पडला की हाड आधी आपलाच जुना थोडा भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवीन भरतं. या एका फेऱ्याला तीन-चार महिने सहज जातात. म्हणजे मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा थोडं कच्चंच असतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपला दम सुधारलेला असतो, उत्साह शिगेला पोचलेला असतो, आणि आपण अंतर वाढवतो. तुझं तेच झालं. पळायला लागणाऱ्या कितीतरी जणांचं नेमकं याच टप्प्यावर दुखावतं आणि ते कायमचे घरी बसतात. हे पाहून मला फार हळहळ वाटते, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांना फक्त आणखी थोडा वेळ हवा असतो.

म्हणून वेग आणि अंतर किती वाढवायचं हे दमाने ठरवायचं नाही, पायांनी ठरवायचं.

हे व्यवहारात कसं आणायचं? चालणं आणि पळणं यांची आलटून पालटून सांगड घालायची. जोश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने १९९६ साली आपल्या पन्नाशीच्या आईसाठी एक वेळापत्रक बनवलं. तेच पुढे ‘काउच टू फाइव्ह के’, म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत, या नावाने जगभर पसरलं. त्याचा पहिला आठवडा असा: पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद हळू पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीनच दिवस. नऊ आठवड्यांत हळूहळू सलग अर्धा तास पळण्यापर्यंत पोचायचं. हे वेळापत्रक मला मनापासून आवडतं, पण नऊ आठवडे हे काही ब्रह्मवाक्य नव्हे. एकेक आठवडा दोनदा, तीनदा केलास तरी काही बिघडत नाही. आणि चालण्याचे तुकडे कायमचे ठेवलेस तरी ते पळणंच आहे. चालत-पळत मॅरेथॉन पुरी करणारे पुष्कळ लोक आहेत.

दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नये असा नियम तू वाचला असशीलच. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये पाचशेहून जास्त नवशिक्यांवर हा नियम तपासून पाहिला आणि २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. एका गटाने दहा टक्क्यांच्या बेताने सावकाश वाढ केली, दुसऱ्याने नेहमीच्या वेळापत्रकाने. दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झालीच. तेव्हा आकड्यावर फार भिस्त ठेवू नकोस. माझी कसोटी वेगळी आहे. पळून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून टाकलेली पहिली दहा पावलं. टाचेची मागची शीर आवळलेली, पोटरी दगडासारखी, पाय टेकवताना आई गं होतंय, असं असेल तर आदल्या दिवशीचं पळणं जास्त झालं होतं. पावलं सुखाने पडली तर ते पचलं. पळताना अंग तापलेलं असतं, तेव्हाचं बरं वाटणं खरं नसतं. सकाळची पावलं खरं सांगतात.

आणि हळू पळ. किती हळू? बाजूला मी आहे असं समज आणि मला एक पूर्ण वाक्य सांग. मध्ये श्वास तोडावा लागला तर वेग जास्त आहे. चालणारा माणूस तुला मागे टाकून गेला तरी जाऊ दे. जगातले अव्वल धावपटूसुद्धा त्यांच्या सरावातला मोठा भाग अशाच, गप्पा मारता येतील अशा वेगाने पळतात, मग आपल्याला कसली घाई? मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांच्या आकड्यांनी घाबरून जाऊ नकोस. २२० मधून वय वजा करायचं हे सूत्र ढोबळ आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तू रक्तदाबाची गोळी घेतेस. ती कोणत्या प्रकारची आहे ते विचारून घे, कारण बीटा ब्लॉकर असेल तर नाडी मुळातच कमी राहते आणि घड्याळाचा काही उपयोग उरत नाही. आणि हे विचारायला जाशील तेव्हाच एकदा हृदयाची तपासणी करून घे. पळताना छातीत दाबल्यासारखं झालं, जबडा किंवा हात भरून आला, घेरी आली, तर त्या क्षणी थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. यात कसलीही गय करायची नाही.

गुडघ्यांचं तू लिहिलं आहेस, ‘सगळे म्हणतात गुडघे जातील’. मलाही हेच ऐकवलं गेलं होतं, म्हणून मी खोलात शिरले. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ पासून पन्नाशीच्या पुढच्या पाचशेहून अधिक पळणाऱ्यांची दोन दशकं नोंद ठेवली, सोबत न पळणाऱ्या लोकांचीही. एकोणीस वर्षांनंतर पळणाऱ्यांतले १५ टक्के लोक वारले होते, दुसऱ्या गटातले ३४ टक्के. रोजची कामं करताना येणाऱ्या अडचणी पळणाऱ्यांना कितीतरी वर्षं उशिरा सुरू झाल्या. याच लोकांपैकी काहींच्या गुडघ्यांचे एक्स-रे वर्षानुवर्षं काढले गेले, आणि पळणाऱ्यांचे गुडघे जास्त झिजलेले आढळले नाहीत. मुळात धडधाकट असलेले लोकच पळत राहतात, हेही त्यात आलंच, त्यामुळे सगळं श्रेय पळण्याला देता येणार नाही. पण पळण्याने गुडघे जातातच, हे मात्र त्यातून उभं राहत नाही. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर दाब पडतो आणि सुटतो, तेव्हाच तिच्यात द्रव खेळता राहतो आणि तिचं पोषण होतं. म्हणून बेताचा भार तिला हवाच असतो. आधीच सांधा झिजलेला असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर गोष्ट वेगळी. तुझं तसं काही नाही.

गुडघ्यांपेक्षा मला तुझ्या पोटऱ्यांची काळजी आहे. वयाबरोबर स्नायू आपोआप घटतात, तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के, आणि पळताना पोटरीवर फार मोठा भार येतो. न पळण्याच्या दिवशी पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभी राहा, कठड्याला हात लाव, टाचा वर उचल आणि मग अगदी सावकाश पायरीच्या पातळीखाली ने. आधी दोन्ही पायांवर, काही आठवड्यांनी एकेका पायावर. अल्फ्रेडसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी टाचेमागची कंडरा जुनाट दुखणाऱ्या, मध्यमवयीन, हौशी पळणाऱ्यांकडून हाच सावकाश टाच खाली नेण्याचा व्यायाम रोज दोनदा, बारा आठवडे करून घेतला होता. ते लोक पुन्हा पळायला लागले. हे १९९८ सालचं काम, आणि आजही फिजिओथेरपिस्ट तोच व्यायाम देतात. याच्या जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठबस. एवढं पुरे. बाकीचे व्यायाम नाही केलेस तरी चालेल, पण हे दोन सोडू नकोस.

आणखी एक, जे तू लिहिलं नाहीस पण कदाचित असेल. पळताना थेंब थेंब लघवी होणं. बाळंतपणं झालेल्या, पाळी गेलेल्या कितीतरी बायका केवळ या कारणाने पळणं सोडतात आणि कारण कुणालाही सांगत नाहीत. हे सोसत बसण्यासारखं नाही आणि लाजण्यासारखं तर मुळीच नाही. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते नीट शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात, आणि बहुतेकींना फरक पडतो.

टिकून राहण्याबद्दल तू विचारलंस, ‘तुझ्याकडे निग्रह आहे, माझ्याकडे नाही’. हे मला मान्य नाही. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं. सवय अंगवळणी पडायला लागणारा वेळ सरासरी ६६ दिवस निघाला, पण कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब आला. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात काही फरक पडला नाही. पाहुणे आले, ताप आला, कुणाच्या आजारपणात आठवडे गेले, असं होणारच. खाडा पडला म्हणून सगळं वाया गेलं असं समजून माणसं सोडून देतात, खाड्यामुळे नव्हे. परत सुरू करताना सोडलं होतं त्याच्या निम्म्याने सुरू करायचं, एवढंच. आणि वार ठरवून ठेव. रोज सकाळी ‘आज जाऊ का?’ हा प्रश्न स्वतःला विचारायची वेळ आली की त्यातच अर्धी ताकद जाते. जिवावर आलं तर दहाच मिनिटं जायचं ठरव. दहा मिनिटांनी परत फिरलीस तरी ते पळणंच.

उशिरा सुरुवात केल्याचं तुला वाईट वाटतंय. मला उलट वाटतं. तरुणपणी पळलेल्यांना दरवर्षी आपला जुना वेग आठवून झुरावं लागतं. तुला मागचा कुठलाच वेग नाही. पुढची काही वर्षं तू सुधारतच जाणार. मारिको युगेता या जपानी बाईंना तरुणपणी तीन तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करायची होती, ते जमलं अठ्ठावन्नाव्या वर्षी. २०१९ मध्ये साठी ओलांडून तीन तासांच्या आत पळणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या बाई ठरल्या आणि २०२१ मध्ये, बासष्टाव्या वर्षी, त्यांनी २ तास ५२ मिनिटं १३ सेकंद अशी वेळ दिली. पंजाबात जन्मलेले फौजा सिंग तर मुलाच्या मृत्यूचं दुःख सोसत असताना, ऐंशीच्या पुढे, पळण्याकडे वळले आणि २००० साली ८९व्या वर्षी लंडन मॅरेथॉन पूर्ण केली. आपण त्यांच्यासारखं व्हावं असं नाही, पण शरीर किती उशिरापर्यंत शिकत राहतं हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

मला स्वतःला काय मिळालं म्हणशील, तर हेच. या वयात लोक आपल्याशी बोलतात ते सगळं कमी होण्याबद्दल, जपण्याबद्दल. दृष्टी, दात, हाडं, आठवण. त्या सगळ्यात माझ्याकडे ही एक गोष्ट आहे जी मला गेल्या वर्षीपेक्षा जास्त चांगली येते. जिने चढताना बोलणं थांबत नाही, झोप गाढ लागते, हे तर आहेच. पण मला तुझ्यासाठी हवं आहे ते हे, की स्वतःच्या शरीरात काहीतरी नव्याने उमलताना तू पाहावंस.

तर आता असं कर. नडगी दाबून दुखायची थांबेपर्यंत फक्त चाल. त्यानंतर आणखी चार दिवस तशीच जाऊ दे. मग पहिल्या आठवड्यापासून पुन्हा, ६० सेकंद आणि ९० सेकंद, दम कितीही पुरत असला तरी. टाचांचा व्यायाम मात्र नडगी परवानगी देईल तसा आधीच सुरू कर. बूट जुने आहेत म्हणालीस, त्यांचा तळ एका बाजूला झिजलेला दिसला तर बदल, आणि नवे घेताना पायात घालून थोडं पळून बघ, जे सर्वांत सुखाचे वाटतील तेच घे, बाकी कुणाचं ऐकू नकोस. अंगठा दाबून पाहिल्यावर रेघ लागली की एकच जागा, ते मला आधी कळव, उद्याच फोन कर. पहिल्या दहा पावलांचं मग सविस्तर पत्राने लिही.

तुझीच,
मी