सभासद भगिनींना सूचना : तोरणासाठी क्रोशाची फुले

सर्व सभासद भगिनींना कळविण्यात येते की, गणेशोत्सवाच्या तोरणासाठी घरी विणायची फुले एकाच मापाची यावीत म्हणून केवळ सुती दोरा व २.५ मिलिमीटरची क्रोशाची सुई वापरावी. दोऱ्याच्या सैल वेढ्यात प्रत्येक पाकळीसाठी २ साखळ्या, २ खांब (सुईवर दोरा घेऊन विणलेले उंच टाके) व पुन्हा २ साखळ्या घालून टाका वेढ्यातच अडकवावा आणि अशा ५ पाकळ्या झाल्यावर वेढा ओढून घट्ट करावा. मागील खेपेस बरीच फुले उसवली, कारण गाठ मारताच दोरा कापला होता. म्हणून १० सेंटिमीटर दोरा राखून तो शिवणाच्या सुईने मागील बाजूस उलटसुलट ओवल्यावरच कापावा. लोकरीची फुले मऊ दिसतात खरी, परंतु तोरणात ती लोंबतात, त्यामुळे स्वीकारली जाणार नाहीत.