चिंतेच्या आजारावर उपचार आहेत

महोदय,

वादळाचा इशारा आला आणि होडी समुद्रात असली की माझ्या नणंदेच्या छातीत धडधडायचं, हातपाय गार पडायचे. पुढे आभाळ निरभ्र असतानाही तेच. ईसीजीत काही निघालं नाही, तशी देवाला गाऱ्हाणं, अंगारा सुरू झाला. श्रद्धा माझीही आहे; पण हा चिंतेचा आजार आहे आणि समुपदेशनाने, गरज पडल्यास गोळ्यांनी आटोक्यात येतो, हे मनोविकारतज्ज्ञांनीच सांगितलं. आता ती शांत झोपते.

‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो हर्णै बंदरात लिलावाच्या जागी मोठ्या अक्षरांत लावा. रत्नागिरीला मनोरुग्णालय आहे, पण त्या नावानेच बायका मागे सरतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातच ठरलेल्या वारी मनोविकारतज्ज्ञ बसावेत.

– एक वाचक, हर्णै (ता. दापोली)