विजयदुर्गाच्या आरमारी गोदीलाही किल्ल्याइतकाच मान मिळावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा वारसा म्हणून जुलै २०२५ मध्ये बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यात विजयदुर्गाचे नाव आले, तेव्हापासून वृत्तपत्रांतून त्या किल्ल्याविषयी पुष्कळ लिहून येत आहे. देवगड तालुक्यात जन्म गेलेल्या माझ्यासारख्या वाचकाला त्याचा आनंद आहेच. मात्र या सगळ्या लेखनात तटबंदी, बुरूज आणि दरवाजे यांचीच वर्णने असतात. ज्या आरमारासाठी हा किल्ला इतक्या जिवापाड जपला गेला, त्या आरमाराची जहाजे जिथे दुरुस्त होत, त्या गिर्ये येथील गोदीचा उल्लेख क्वचितच होतो, आणि झाला तरी एखाद्या ओळीपुरता.

ही गोदी किल्ल्यापासून सुमारे दीड मैल आत, वाघोटन खाडीच्या दक्षिण तीरावर आहे. आंग्रे यांच्या काळात खडक फोडून ती तयार केली, असे मानले जाते. जुन्या गॅझेटियरात तिची लांबी ३५५ फूट आणि तोंडाशी रुंदी २२७ फूट दिलेली आहे. अशा गोदीचे काम भरती-ओहोटीवर चाले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज आत घ्यायचे, पाणी उतरले की ते तळावर टेकते, मग बुडाला चिकटलेले शेवाळ आणि कालवे खरवडायची, किड्यांनी पोखरलेल्या फळ्या बदलायच्या, फटी बुजवून तेल-चंद्रस लावायचा आणि पुढच्या उधाणाला जहाज बाहेर काढायचे. मराठ्यांच्या गुराबा आणि गलबतांना पाणी थोडे लागे. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तर तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंतची असे. इंग्रजांची खोल बुडाची जहाजे ज्या खाडीत शिरायला बिचकत, तिथे ही जहाजे सहज आत जात. या दोन गोष्टी, म्हणजे उथळ बुडाची जहाजे आणि भरतीवर चालणारी गोदी, एकमेकींशी जोडून पाहिल्या की विजयदुर्गच आरमाराचे ठाणे का झाले, हे किल्ल्याच्या तटाकडे पाहून कळते त्यापेक्षा अधिक नीट कळते.

या गोदीचे भाग्य तिच्या आरमारप्रमुखांच्या भाग्याशी बांधलेले होते. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या हयातीत इंग्रजांनी १७१७ आणि १७२० मध्ये विजयदुर्गावर मोहिमा काढल्या, १७२४ मध्ये डच चालून आले, आणि तिन्ही वेळा किल्ला अभेद्य राहिला. १७२९ मध्ये कान्होजी वारले. १७३३ मध्ये थोरले पुत्र सेखोजीही गेले आणि घरातील वाद उघड्यावर आला. त्यांचे भाऊ मानाजी कुलाब्याला आणि संभाजी दक्षिण किनाऱ्यावर अशी आरमाराची वाटणी झाली. संभाजी आंग्रे यांनी १७३५ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज पकडले, एवढी ताकद त्या अर्ध्या आरमारातही होती. पण वाटणीचे नुकसान पुढे भरून निघाले नाही.

त्यांच्यानंतर आलेल्या तुळाजी आंग्रे यांच्याविषयी आपल्याकडे अजूनही दोन टोकांची मते आहेत. त्यांनी पेशव्यांशी वैर धरले आणि शेजारच्या मुलखाला उपद्रव दिला, हे खरे आहे. परंतु त्यांना मोडण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या आरमाराची मदत घेतली, ही मला मराठ्यांच्या सागरी इतिहासातील सर्वांत मोठी चूक वाटते. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनची जहाजे आणि क्लाइव्हची फौज विजयदुर्गापुढे आली, तेव्हा तुळाजी स्वतः बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीकडे गेलेले होते. तटाच्या आश्रयाला दाटीने उभ्या केलेल्या जहाजांपैकी ‘रिस्टोरेशन’वर एक तोफगोळा पडला. हे जहाज तुळाजींनीच १७४९ मध्ये इंग्रजांकडून जिंकून आपल्या आरमारात घेतले होते. त्याला लागलेली आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि पाहता पाहता सारे आरमार जळून गेले. त्यावेळी तीन डोलकाठ्यांची तीन आणि दोन डोलकाठ्यांची नऊ जहाजे, शिवाय अनेक गलबते तिथे होती, आणि आणखी दोन मोठी जहाजे बांधणीवर होती, असे इंग्रजांच्या नोंदी सांगतात. बांधणीवरची ती दोन जहाजे मला नेहमी अस्वस्थ करतात, कारण वैर डोक्यावर असतानाही त्या खाडीकाठी सागाची नवी जहाजे उभी राहत होती, हे त्यातून दिसते. किल्ल्यातील सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. ऑक्टोबरातील तहाने बाणकोट घेऊन त्यांनी विजयदुर्ग पेशव्यांना परत दिला. तुळाजींचे उरलेले आयुष्य मात्र कैदेत गेले.

तरीही विजयदुर्गाचे आरमार तिथेच संपले नाही, आणि ही बाजू सांगायची बहुधा राहून जाते. पेशव्यांनी विजयदुर्गाला आपला आरमारी सुभा केला आणि १७६४ मध्ये आनंदराव धुळप यांच्याकडे आरमाराची सूत्रे आली. राखेतून उभे केलेल्या त्या आरमाराने ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीजवळच्या समुद्रात इंग्रजांच्या ‘रेंजर’ या जहाजाला गाठले, कित्येक तास झुंज दिली आणि ते पकडून विजयदुर्गाला आणले. जहाजावर कंपनीच्या फौजेचे वरिष्ठ अधिकारी होते; त्यांतील कर्नल हंबरस्टन जखमांनी विजयदुर्गातच मरण पावले. इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह आधीच झालेला असल्याने पुढे ते जहाज परत द्यावे लागले, पण लढाईचे मोल त्याने कमी होत नाही. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, तोवर आरमार धुळपांच्याच घराण्याकडे होते. विजयदुर्ग गावातील धुळपांचा वाडा पाहायला येणारे पर्यटक पुष्कळ असतात. त्यांतील किती जणांना या वाड्याचा आणि गोदीचा संबंध सांगितला जातो?

मुंबईची गोष्ट वेगळी आहे. कंपनीने १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना आणून तिथे जहाजबांधणी सुरू केली, १७५० मध्ये पहिली सुकी गोदी पूर्ण झाली, आणि वाडिया घराण्यातील मुख्य सुतारांची नावे आजही आदराने घेतली जातात. त्यांच्या गोदीत १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजून तरंगत आहे. हा गौरव योग्यच आहे. पण त्याच काळात दीडशे कोसांच्या आत आपल्याच किनाऱ्यावर दुसरी गोदी चालू होती, तिच्यावर कोकणातील सुतार, लोहार आणि खलाशी राबत होते, हे शालेय पुस्तकांतही यायला हवे.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. वारसा यादीच्या निमित्ताने किल्ल्यासाठी जो आराखडा आणि निधी ठरेल, त्यात गिर्येची गोदी किल्ल्याचा अविभाज्य भाग म्हणून धरावी. तिची हद्द आखून घ्यावी आणि साचलेला गाळ यंत्राने घाईघाईने उपसू नये, कारण त्या गाळात जुन्या लाकडांचे, खिळ्यांचे आणि नांगरांचे अवशेष असण्याची शक्यता असते; सागरी पुरातत्त्वाच्या जाणकारांकडून आधी पाहणी व्हावी. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील आरमारी सुभ्याचे मोडी कागद विशेष प्रकल्प म्हणून वाचून घ्यावेत, म्हणजे प्रमुखांच्या नावांबरोबर लाकूड कुठून येई, मजुरी किती मिळे आणि कामे कोण करी, हेही लोकांपुढे येईल. आणि तोवर निदान रस्त्यावर दिशा दाखवणारी एक पाटी आणि गोदीच्या काठी तिची मापे व आरमारप्रमुखांची नावे लिहिलेला मराठी फलक तरी लावावा.

आपल्या वाचकांपैकी कोणी विजयदुर्गाला जाणार असेल, तर त्यांनी ओहोटीची वेळ विचारून गिर्येलाही जावे. पाणी उतरल्यावरच गोदीच्या खडकाळ कडा नीट दिसतात, आणि स्थानिक मंडळी वाट दाखवायला आनंदाने बरोबर येतात.

आपला विनम्र,
एक वाचक, देवगड (जि. सिंधुदुर्ग)