शिंपीकाकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

शिवून दिलेल्या कपड्यांबद्दल शिंप्याचे आभार सगळेच मानतात. मला तुमचे आभार मानायचे आहेत ते तुम्ही न शिवलेल्या, मी तयार विकत घेतलेल्या कपड्यांबद्दल. कारण ते कसे निवडावेत हे मला तुमच्यामुळे कळले, आणि तुम्ही जे सांगितलेत ते इतरांच्याही उपयोगाचे असल्यामुळे हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

तुम्ही माझा साइज विचारलाच नाहीत. छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर) ही मापे तुम्ही घेतलीत, पण त्याआधी मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंत पाठ मोजलीत, मग कंबरेपासून जमिनीपर्यंतची लांबी घेतलीत आणि म्हणालात, "तुमचं धड लांब आहे, पाय त्या मानानं आखूड. अंगात खोट काही नाही, कपड्याची कंबर तेवढी भलत्या जागी येते." सफरचंद, नासपती अशी फळांची नावे देऊन शरीराचे प्रकार पाडणारे तक्ते मी पुष्कळ वाचले होते, ते सगळे रुंदीविषयी बोलतात, उंचीच्या वाटणीविषयी जवळजवळ गप्प असतात. दोघींची छाती आणि कंबर अगदी सारखी असली, तरी एकीची पाठ दुसरीपेक्षा दोन इंच लांब असू शकते, आणि मग एकच झगा एकीला शोभतो व दुसरीच्या अंगावर कंबरेच्या वरच अडकून बसतो. अमेरिकेच्या कृषी विभागाने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली, तेव्हा प्रत्येकीची ५९ मापे नोंदवली होती. आपण मात्र लेबलावरच्या एका आकड्यावर विसंबतो आणि तो आकडा चुकला की दोष स्वतःच्या शरीराला देतो.

कपडा कुठे संपतो याकडे पाहायलाही तुम्हीच शिकवलेत. वरचा कपडा नितंबांच्या सर्वांत रुंद रेषेवर संपला की नजर नेमकी तिथे थांबते, म्हणून तो त्या रेषेच्या थोडा वर तरी संपावा किंवा बराच खाली जावा. झग्याचा घेर पोटरीच्या सर्वांत जाड भागावर न संपता गुडघ्याच्या किंचित खाली, नाहीतर घोट्याच्या जरा वर संपावा. माझ्यासारख्या लांब धडाच्या व्यक्तीने पँट खऱ्या कंबरेवर बसणारी घ्यावी, आणि बुटांचा रंग पँटशी मिळता ठेवला तर पाय आणखी लांब दिसतात.

तुमचा सर्वांत मोलाचा सल्ला खांद्याचा. कंबर आत घेता येते, लांबी कमी करता येते, शिवणीत माया, म्हणजे आत राखलेले जादा कापड, सोडलेली असेल तर थोडे सैलही करता येते. पण खांदा उतरत असेल तर बाही उसवून मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेभोवतीची गोलाई, नव्याने कापावा लागतो आणि इतके करूनही काम मनासारखे होईलच असे नाही. म्हणून जाकीट घ्यायचे ते खांद्याच्या मापाने, शिवण हाडाच्या टोकावर येते की नाही हे पाहून. आणि पँट घ्यायची ती सीटच्या मापाने, कंबर नंतर आत घेता येते असे धरून. मी हौसेने आणलेले एक जाकीट तुम्ही दुरुस्त न करताच परत दिलेत, "यावर पैसे घालवू नका," असे सांगून. हातचे काम सोडून गिऱ्हाइकाला खरे सांगणारे कारागीर फार नसतात.

आरशासमोर तुम्ही दाखवलेल्या वळ्या तर मी आता प्रत्येक ट्रायल रूममध्ये शोधते. आडव्या वळ्या म्हणजे तिथे कपडा घट्ट आहे, उभ्या लोंबत्या घड्या म्हणजे जास्त आहे, आणि तिरकी वळी दिसली तर तिचे टोक जिकडे रोखलेले असते तिथे बहुधा कापड कमी पडते आहे. हात वर केल्यावर अख्खा सदरा वर ओढला जातो तो सदरा तोकडा असतो म्हणूनच नव्हे, तर मुंढा फार खाली कापलेला असतो म्हणूनही. काखेजवळ वर कापलेला मुंढा हाताला अधिक मोकळा ठेवतो, हे तुम्ही दोन सदरे आलटून पालटून घालायला लावलेत तेव्हाच मला पटले. सैल तेवढे सोयीचे, ही माझी समजूत त्यानंतर टिकली नाही.

आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो या समजुतीवर तुम्ही नुसते हसला होतात. तुमचा अनुभव शास्त्राला धरूनच आहे: आडव्या रेषांनी भरलेला चौरस आहे त्यापेक्षा उंच आणि अरुंद भासतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कपड्यांवरही आडव्या पट्ट्यांमुळे जाडी वाढलेली दिसली नाही.

एका बाबतीत मात्र मी तुमचे ऐकलेले नाही. लहान चणीच्या व्यक्तीने मोठी नक्षी घालू नये, असे तुम्ही आजही म्हणता, आणि मी ती आजही घालते. पुढच्या आठवड्यात आणणार आहे ते कापडही तसेच मोठ्या फुलांचे आहे. खांदा मात्र तुमच्याच मापाने बेतावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

तुमची कृतज्ञ,
एक जुनी ग्राहक