किटली भंगारात काढण्याआधी

महोदय,

उन्हाळा लागला की सोसायट्यांमध्ये बोअरचे आणि टँकरचे पाणी सुरू होते आणि महिनाभरात इलेक्ट्रिक किटलीच्या तळाला पांढरट, खरखरीत थर धरतो. पाण्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते, म्हणजे चुनखडीच. या थरातून उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. तळ भलताच तापतो आणि किटली पाणी उकळण्याआधीच खटकन बंद होते. अनेकदा ती बिघडलेली नसते, तिचा कटआउट, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा भाग, आपले काम करत असतो. अशा चांगल्या किटल्या भंगारात जातात, याचे वाईट वाटते.

वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) त्यावर पुरेसे आहे. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे, साधारण 25 ग्रॅम. पाणी हाताला सोसेल इतकेच गरम हवे. बरेच जण इथेच चुकतात आणि ते खळखळून उकळतात. त्यातून तयार होणारे कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात आणखी कमी विरघळते आणि थर जाड असेल तर त्याचीच पांढरी भुकटी तळाला बसते. अर्धा तास तसेच ठेवावे. बारीक बुडबुडे येत असतील तर थर सुटतो आहे. बुडबुडे थांबले आणि थर अजून दिसतोच आहे, तर लिंबूसत्त्व संपले. ते पाणी ओतून नवे करावे. शेवटी मऊ स्पंजने पुसून दोनदा साधे पाणी उकळून फेकावे. किटलीचा बाहेरचा तळ आणि प्लगची जागा मात्र भिजवू नये.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र टाकण्यात अर्थ नाही. फेस दिसतो, पण दोघे एकमेकांनाच मारतात. संडास धुण्याचे ॲसिड तर स्वयंपाकघरात आणूच नये, त्याने स्टीललाही खड्डे पडतात. सुरीने खरवडू नये. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये लिंबूसत्त्वाचे पाणी भरून ठेवू नये. तळच्या पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचे बुटुक टाकण्याची जुनी पद्धतच बरी. पण शिटीखालची नळी दर वेळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का, ते पाहावेच. तिथे क्षार साचला तर वाफ कोंडते.

आरओचे वाया जाणारे पाणी कुकरच्या तळाला वापरणाऱ्यांनी तेही थांबवावे. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) कठीणपणाची, म्हणजे असा थर धरणाऱ्या क्षारांची, मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600. सोसायट्यांनी बोअरचे पाणी वर्षातून एकदा तपासून हा आकडा सूचनाफलकावर लावावा आणि किटली विकणाऱ्या कंपन्यांनी थर काढण्याची कृती खोक्यातल्या पत्रकात मराठीत छापावी.

– घरगुती उपकरणे दुरुस्त करणारे वाचक, लातूर